गाडी स्लोवर बंद पडते? पार्ट बदलण्याआधी ‘कधी’ आणि ‘कशी’ ते बघा

मनोरहून पालघरकडे येताना वाघोबा खिंडीत उतार लागतो. वळण आलं की आपण ॲक्सिलरेटरवरून पाय उचलतो, क्लच दाबतो, गिअर उतरवायला जातो आणि नेमकी त्याच वेळी जुनी गाडी दोन आचके देऊन बंद पडते. ऑइलचा आणि बॅटरीचा लाल दिवा एकदम लागतो. पॉवर स्टीअरिंग असेल तर चाक जड होतं. ब्रेक पहिल्या दाबाला लागतो, पण पुन्हापुन्हा दाबला की दगडासारखा कडक होतो. मागे मनोर नाक्यावरून आलेला ट्रक असेल तर त्या काही क्षणांत घाम फुटतो.

हीच गाडी बोईसरच्या नवापूर नाक्यावर किंवा स्टेशनबाहेरच्या गर्दीत बंद पडली तर जीव जात नाही, नुसते हॉर्न ऐकावे लागतात. त्यामुळे बरेच जण ‘जुनी गाडी आहे, चालायचंच’ म्हणून महिनोन् महिने काढतात. माझा आग्रह असा की हे चालवून घेऊ नका. स्लोवर बंद पडणारी गाडी आज नाक्यावर बंद पडते, उद्या खिंडीत पडेल. बहुतेक वेळा या रोगाचं मूळ छोटं आणि स्वस्त असतं. ते शोधायची रीत तेवढी माहीत हवी.

गॅरेजच्या भाषेत याला ‘स्लो पकडत नाही’, ‘मिसिंग मारते’, ‘रेस वर-खाली होते’ असं म्हणतात. उपायही ठरलेले असतात. आधी रेस थोडी वाढवून द्यायची, मग प्लग बदलायचे, मग कॉइल, मग एखादा सेन्सर. माझ्या वीस वर्षं जुन्या छोट्या पेट्रोल गाडीच्या बाबतीत मी याच वाटेने गेलो. प्लग झाले, कॉइल झाली, पेट्रोलचा पंपही उतरवला. शेवटी सापडली ती इंजिनच्या मागच्या बाजूला, हाताला न लागणाऱ्या कोपऱ्यात तडकलेली बोटभर रबरी नळी. शंभर रुपयांच्या आतलं काम. त्या नळीने एक गोष्ट कायमची शिकवली. ‘काय बदलू?’ हा पहिला प्रश्न नाही. ‘कधी बंद पडते?’ आणि ‘कशी बंद पडते?’ हे पहिले दोन प्रश्न आहेत. पुढचा सगळा लेख या दोन प्रश्नांभोवती आहे.

स्लो म्हणजे नक्की काय चाललेलं असतं

आपण ॲक्सिलरेटर सोडतो तेव्हा हवेचा मोठा दरवाजा, म्हणजे थ्रॉटलची गोल पट्टी, जवळजवळ बंद होते. इंजिन तेव्हा एका बारीक वाटेने येणाऱ्या थोड्याशा हवेवर आणि थेंबभर पेट्रोलवर जिवंत राहतं. बहुतेक छोट्या पेट्रोल गाड्या या अवस्थेत मिनिटाला साधारण ८०० ते ९५० फेरे घेतात. गाडीचा नेमका आकडा पुस्तिकेत किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर छापलेला असतो.

इथे हिशेब फार काटेकोर असतो. गाडी साठच्या वेगात असताना इंजिन इतकी हवा ओढत असतं की बारीक भोकातून आत आलेली जास्तीची हवा त्यात विरून जाते. स्लोवर तेवढीच चोरटी हवा सगळं गणित बिघडवते. यातूनच पहिली मोठी खूण मिळते. गाडी फक्त स्लोवर कुरकुरते आणि रेस दिली की गुळगुळीत होते, तर संशय हवेच्या गळतीवर किंवा थ्रॉटलमध्ये साठलेल्या कार्बनवर घ्या. रेस दिल्यावर, चढावर, भार आल्यावर जास्त अडखळते, तर पेट्रोलचा पुरवठा किंवा करंट बघा.

दुसरी खूण ‘कशी’ या प्रश्नात आहे. किल्ली फिरवून बंद करावी तसं इंजिन एका क्षणात मेलं, तर दोष बहुधा विजेचा असतो. सैल वायर, रिले, कॉइल किंवा क्रँक सेन्सर. धडपडत, झटके खात, विझत्या दिव्यासारखं मेलं, तर हवा किंवा पेट्रोल. मेकॅनिकला एवढं एक वाक्य नीट सांगितलंत तरी त्याचं निम्मं काम वाचतं.

आठ दिवस वही ठेवा

गाडीत एक छोटी वही ठेवा. प्रत्येक वेळी बंद पडली की दोन ओळी लिहा. इंजिन गार होतं की गरम, एसी चालू होता का, पाऊस होता का, गाडी सीएनजीवर होती की पेट्रोलवर, शेवटचं पेट्रोल कधी भरलं. आठवडाभरात काहीतरी सूत्र दिसू लागतं. ते असं वाचा:

- सकाळी गार इंजिनवर बंद पडते, गरम झाल्यावर ठीक: हवा नियंत्रित करणारा आयडल व्हॉल्व्ह कार्बनने अडकलेला, थ्रॉटल घाण, किंवा जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत चोक लागत नाही.
- गार असताना ठीक, गरम झाल्यावर बंद: इंजिनचं तापमान सांगणारा सेन्सर, क्रँक सेन्सर, कॉइल किंवा दमलेला पेट्रोल पंप. वीस-तीस मिनिटं थांबून गार झाल्यावर काहीच झालं नाही अशी सुरू होत असेल तर क्रँक सेन्सर आणि कॉइल आधी बघा.
- एसी किंवा हेडलाइट लावले की बंद: जास्तीचा भार आला की रेस आपोआप थोडी वर जायला हवी. ती यंत्रणा काम करत नाही, किंवा अल्टरनेटर-बॅटरी कमजोर आहे.
- ब्रेक दाबल्यावर स्लो बदलतो: ब्रेक बूस्टर किंवा त्याची हवेची नळी फुटलेली.
- सिग्नलला थांबता थांबता, पाय उचलल्यावर बंद: थ्रॉटल बॉडीतला कार्बन. सगळ्यात जास्त आढळणारं कारण.
- पाऊस, दमट हवा, गाडी धुतल्यावर: प्लगला करंट नेणाऱ्या एचटी वायरी, डिस्ट्रिब्युटरची टोपी, प्लगच्या रबरी टोप्या.
- पेट्रोल भरल्याबरोबर: पेट्रोलची वाफ साठवणाऱ्या कोळशाच्या डब्याचा व्हॉल्व्ह उघडा अडकलेला. टाकी गळ्यापर्यंत भरायची सवय असेल तर ती आधी सोडा.

आपल्या हवेतला शत्रू

सातपाटी, केळवे, नवापूर, दांडी, चिंचणी या किनारपट्टीच्या गावांत राहणाऱ्यांना लोखंडाला खारी हवा काय करते ते सांगायला नको. गेटच्या बिजागरीला जे होतं तेच बॉनेटखाली होतं. त्यात तारापूर एमआयडीसीतल्या रासायनिक कारखान्यांच्या आसपास गाडी रोज आठ-बारा तास उभी राहत असेल तर वायरींची टोकं आणखी लवकर खराब होतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या यादीत तारापूर देशातल्या सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत अग्रभागी होतं. त्या हवेचा परिणाम आपल्या फुप्फुसांवर होतो, तसाच तांब्याच्या तारेवरही होतो.

म्हणून आपल्या भागात तपासणीची सुरुवात प्लगपासून नको, अर्थपासून करा. बॅटरीच्या ऋण टोकापासून बॉडीला आणि इंजिनला जाणारी जाड वायर असते. तिच्या टोकाला हिरवट-पांढरी बुरशी दिसली तर ती सोडवा, सँडपेपरने चकचकीत करा, घट्ट बसवा, वर व्हॅसलिन किंवा ग्रीस लावा. अर्थ खराब असली की सेन्सर चुकीचे आकडे सांगतात आणि आपण निर्दोष सेन्सर बदलत बसतो. शंभर-दोनशे रुपयांच्या साध्या मल्टीमीटरने बॅटरी मोजा. रात्रभर थांबलेल्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास आणि इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ व्होल्ट असायला हवेत. चालू इंजिनवर १३ च्या खाली राहत असेल तर आधी चार्जिंगचं बघा, बाकी सगळं नंतर. बॅटरी सोडवताना आधी ऋण टोक काढा आणि जोडताना ते शेवटी जोडा.

दुसरा स्थानिक शत्रू उंदीर. भातशेतीला किंवा चिकूच्या वाडीला लागून गाडी उभी राहत असेल तर उबदार इंजिनवर उंदीर येऊन बसतात आणि वायरींची प्लास्टिकची आवरणं, रबरी नळ्या कुरतडतात. इंजेक्टरची एक बारीक वायर अर्धी कुरतडली गेली की गाडी कधी तीन सिलिंडरवर, कधी दोनवर चालते. सकाळी सुरू करण्याआधी आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून टॉर्च मारा. लेंड्या, भाताची टरफलं, कुरतडलेली कापसासारखी फोमची घाण दिसली की कारण समोर आहे.

हवेची गळती शोधणं

मेकॅनिक ‘गाडी हवा खातेय’ म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ असा की मोजून दिलेल्या वाटेशिवाय दुसरीकडूनही हवा आत शिरतेय. इंजिनच्या वरच्या भागात हवा वाटून देणारी नळ्यांची शाखा, म्हणजे मॅनिफोल्ड, असते. तिला अनेक बारीक रबरी नळ्या जोडलेल्या असतात. पंधरा-वीस वर्षांनी उष्णतेने ही रबरं कडक होतात, वाकवली की तडकतात. काही गाड्यांत यामुळे रेस उगाच वर जाते, काहींत खाली येते, काहींत झोपाळ्यासारखी वर-खाली होते.

गाडी न्यूट्रलमध्ये घाला, हँडब्रेक ओढा, इंजिन स्लोवर ठेवा आणि कान द्या. बारीक ‘सूं’ असा आवाज येत असेल तर गळती जवळच आहे. फूट-दीड फूट पाइपचा तुकडा घेऊन एक टोक कानाला लावा आणि दुसरं नळ्यांजवळून फिरवा, डॉक्टरच्या नळीसारखं. फिरणारा पट्टा आणि पंखा यांपासून हात, बाह्या, ओढणी दूर ठेवा. मग एकेक नळी चिमट्याने किंवा बोटांनी क्षणभर दाबून बंद करा. जी दाबल्यावर स्लो सुधारतो, तिच्या पुढे दोष आहे.

ब्रेक बूस्टरची परीक्षा वेगळी आहे आणि ती घरीच होते. इंजिन बंद करा, ब्रेकचं पेडल चार-पाच वेळा दाबून कडक करा, पाय दाबूनच ठेवा आणि गाडी सुरू करा. पेडल थोडं खाली गेलं तर बूस्टर ठीक. नाही गेलं, किंवा पेडल दाबल्यावर आतून फुसफुस ऐकू आली, तर स्लोचा प्रश्न बाजूला ठेवा. ब्रेक दुरुस्त होईपर्यंत गाडी बाहेर काढू नका.

गळती शोधायला गरम इंजिनवर पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर फवारण्याची रीत काही जण सांगतात. ती आगीला आमंत्रण आहे. साबणाच्या पाण्याचा हलका फवारा पुरतो. जिथून हवा आत ओढली जाते तिथे फेस आत खेचला जातो आणि क्षणभर स्लो बदलतो. एवढं करूनही सापडलं नाही तर स्मोक टेस्ट करणारं गॅरेज शोधा. नळ्यांमध्ये धूर सोडला की तो तडकलेल्या जागेतून बाहेर येतो, अंदाज बांधावा लागत नाही.

थ्रॉटल आणि आयडल व्हॉल्व्ह

एअर फिल्टर आधी काढून उजेडासमोर धरा. पलीकडचा उजेड दिसत नसेल तर नवा घाला. त्यानंतर थ्रॉटल बॉडीवरचा पाइप काढून आत बघा. पट्टीच्या कडेला काळा चिकट थर असेल तर स्लोची बारीक वाट त्यानेच बुजली आहे. इंजिन गार असताना थ्रॉटल क्लीनर आणि मऊ कापडाने ती कडा पुसा. पट्टी जोरात फिरवू नका, विशेषतः वायरीने चालणाऱ्या इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलमध्ये. हवेचं वजन मोजणाऱ्या सेन्सरवर हा स्प्रे कधीच मारू नका, त्याचा वेगळा क्लीनर येतो. आयडल व्हॉल्व्ह वेगळा निघत असेल तर त्याची सुईसारखी टोकदार कळ साफ करा, पण हाताने ती आत-बाहेर ढकलू नका.

साफसफाईनंतर पहिले काही दिवस स्लो थोडा वर राहू शकतो. गाडीचा संगणक जुन्या घाणीला सवयलेला असतो, त्याला नवी स्थिती शिकावी लागते. काही गाड्यांत ही शिकवणी स्कॅनरने करून द्यावी लागते. ही माहिती नसल्याने अनेक जण ‘साफ केल्यावर बिघडली’ म्हणून पुन्हा गॅरेज गाठतात.

करंट

प्लग काढा आणि क्रमाने मांडून ठेवा. टोक फिकट तपकिरी असेल तर सिलिंडर निरोगी. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. पांढरट म्हणजे पेट्रोल कमी किंवा हवा जास्त. पेट्रोलने ओला म्हणजे तिथे ठिणगीच पडत नाही. काळा आणि तेलकट म्हणजे ऑइल वर येतंय. सगळे प्लग सारखेच दिसले तर दोष सगळ्यांना समान असलेल्या गोष्टीत, एकच वेगळा दिसला तर त्याच सिलिंडरमध्ये. या एका निरीक्षणातून किती खर्च वाचतो ते अनुभवानेच कळतं.

जुन्या एचटी वायरी तपासायला अंधारी रात्र चांगली. बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवा आणि दिवे बंद करा. वायरींवर निळसर ठिणग्या खेळताना दिसल्या तर करंट वाटेतच गळतोय. आणखी खात्रीसाठी बाटलीच्या फवाऱ्याने पाण्याचं धुकं लांबून सोडा. लगेच मिसिंग सुरू झालं तर वायरींचा संच बदलायची वेळ आली. या वायरींत हजारो व्होल्ट असतात, चालू इंजिनवर त्यांना हात लावू नका. एकेक वायर उपसून सिलिंडर तपासण्याची जुनी पद्धतही संगणक असलेल्या गाडीत नको, कॉइल आणि संगणक दोन्ही जळू शकतात. त्याऐवजी इंजेक्टरचं एकेक सॉकेट काढून बघतात. जे काढल्यावर इंजिनच्या आवाजात फरक पडत नाही, ते सिलिंडर आधीपासूनच झोपलेलं आहे.

जून ते सप्टेंबरमध्ये सकाळी गाडी उठत नसेल किंवा उठून लगेच मरत असेल, आणि गाडीला डिस्ट्रिब्युटर असेल, तर इंजिन बंद करून त्याची टोपी उघडा, आतलं दंव कोरड्या कापडाने पुसा. आत पेन्सिलने ओढल्यासारख्या बारीक काळ्या रेघा दिसल्या तर टोपी बदला. त्या रेघांवरूनच करंट पळतोय.

पेट्रोल, आणि आता त्यातलं इथेनॉल

देशात पेट्रोलमधलं इथेनॉल २०२५ मध्ये २० टक्क्यांवर पोहोचलं. या मिश्रणाला चालतील असे रबराचे आणि प्लास्टिकचे भाग नव्या गाड्यांत एप्रिल २०२३ पासून येऊ लागले. त्याआधीच्या, विशेषतः पंधरा-वीस वर्षं जुन्या गाडीच्या मालकाने तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

एक, इथेनॉल पाणी शोषून घेतं. किनाऱ्याच्या दमट हवेत अर्धी रिकामी टाकी महिनाभर उभी ठेवली तर पाणी वाढत जातं, आणि मर्यादेपलीकडे गेलं की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी वेगळा थर करतात. पंप नेमका तळातूनच ओढतो. दोन, इथेनॉल टाकीत वर्षानुवर्षं चिकटलेली घाण सोडवतं आणि ती फिल्टरमध्ये येऊन बसते. तीन, साध्या पेट्रोलच्या एका भागाला जळायला १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९ भागच. म्हणजे तेवढ्याच हवेला जास्त इंधन द्यायला हवं. ऑक्सिजन सेन्सर असलेली गाडी हे स्वतः सावरते. कार्बोरेटरच्या गाडीला हे कळत नाही आणि ती स्लोवर पातळ, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त असलेल्या, मिश्रणावर तडफडते.

संशय आला तर उघड्यावर, ज्योत आणि सिगारेटपासून दूर, मेकॅनिककडून थोडं पेट्रोल काचेच्या स्वच्छ बाटलीत काढून घ्या. अर्धा तास स्थिर ठेवा. तळाशी वेगळा थर किंवा गढूळपणा दिसला तर टाकी रिकामी करून धुणं हाच उपाय. तोंडाने नळी ओढून पेट्रोल काढू नका. गाडी उभीच राहणार असेल तर टाकी बऱ्यापैकी भरलेली ठेवा आणि आठवड्यातून एकदा तरी दहा-पंधरा किलोमीटर फिरवा.

सीएनजीच्या गाडीत पहिली चाचणी सोपी आहे. पेट्रोलवर टाकून बघा. पेट्रोलवर ठीक आणि गॅसवर बंद पडत असेल तर रेग्युलेटर, गॅसचा फिल्टर, ट्यूनिंग बघा. उलट असेल तर पेट्रोलचे इंजेक्टर आणि पंप न वापरल्याने चिकटलेले असतात, म्हणून रोज दोन-तीन किलोमीटर पेट्रोलवर चालवा. दोन्हींवर तीच तक्रार असेल तर हवा, करंट किंवा टॅपेट. गॅसवर वर्षानुवर्षं चाललेल्या इंजिनात व्हॉल्व्ह आपल्या बैठकीत खोल बसत जातात, टॅपेटची फट नाहीशी होते आणि व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. अशी गाडी रस्त्यावर बरी पळते, पण स्लोवर हलते. टॅपेट मोजून घेतले की इंजिन पुन्हा शांत होतं.

कार्बोरेटरवाल्यांसाठी

मारुती ८०० पहिल्यांदा रस्त्यावर आली डिसेंबर १९८३ मध्ये आणि तिचं उत्पादन थांबलं जानेवारी २०१४ मध्ये. तिच्या आणि ओम्नीच्या २००० च्या आधीच्या कार्बोरेटरच्या गाड्या आजही कुठे कुठे जीव लावून सांभाळलेल्या दिसतात. त्यांच्यात स्लोचं पेट्रोल सुईच्या भोकाएवढ्या जेटमधून येतं, त्यात कचऱ्याचा एक कण अडकला की स्लो संपला. जेट तारेने टोचू नका, भोक मोठं होतं. क्लीनर आणि दाबाची हवा वापरा. किल्ली चालू केल्यावर कार्बोरेटरवरचा सोलेनॉइड ‘टक्’ असा वाजतो का ते ऐका. वाजत नसेल तर स्लोचं पेट्रोल बंदच राहतं. मिश्रणाचा स्क्रू फिरवण्याआधी तो पूर्ण बंद होईपर्यंत किती आटे बसतात ते मोजून वहीत लिहा, म्हणजे परतीची वाट राहते.

पीयूसीची चिठ्ठी वाचा

खिशात असलेलं आणि कुणी न वाचलेलं निदान म्हणजे पीयूसीचं प्रमाणपत्र. पेट्रोल गाडीची ही तपासणी प्रामुख्याने स्लोवर होते. भारत स्टेज ४ च्या आधीच्या गाडीला ते दर सहा महिन्यांनी लागतं, स्टेज ४ पासून पुढे वर्षाने. त्यावर कार्बन मोनॉक्साइड टक्क्यांत आणि हायड्रोकार्बन पीपीएममध्ये असतो. स्टेज २ आणि ३ च्या पेट्रोल गाडीला मर्यादा ०.५ टक्के आणि ७५० पीपीएम, स्टेज ४ ला ०.३ टक्के आणि २०० पीपीएम.

दोन्ही आकडे वाढलेले असतील तर पेट्रोल जास्त जातंय. एअर फिल्टर, चोक, तापमानाचा सेन्सर, गळका इंजेक्टर बघा. मोनॉक्साइड कमी आणि हायड्रोकार्बन जास्त असेल तर पेट्रोल न जळताच बाहेर पडतंय. प्लग, वायर किंवा हवेची गळती बघा. मागच्या दोन-तीन चिठ्ठ्या शेजारी ठेवून वाचा, गाडी केव्हापासून बिघडत गेली ते दिसेल. पंधरा वर्षांनंतर नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवून घेताना फिटनेस तपासणी द्यावी लागते. पालघर ठाणे जिल्ह्यात असतानाची एमएच-०४ पाटी मिरवणाऱ्या गाड्या आता त्याच टप्प्यात आहेत. त्यांच्या मालकांना ही चिठ्ठी दुहेरी कामाची आहे.

स्कॅनर काय सांगतो, काय नाही

इंजिनचा पिवळा दिवा लागला असेल तर स्कॅनिंग करून घ्या. २०१० च्या आधीच्या बऱ्याच गाड्यांना बाजारातला स्वस्त ॲडॉप्टर चालत नाही, त्या कंपनीचा स्कॅनर असलेलं गॅरेज गाठावं लागतं. कोड म्हणजे पार्टचं नाव नव्हे. ऑक्सिजन सेन्सरचा कोड आला म्हणजे सेन्सर मेला असं नाही. फुटक्या नळीतून हवा शिरली तरी तोच सेन्सर तक्रार करतो. मेकॅनिकला फ्युएल ट्रिम बघायला सांगा. संगणक स्लोवर दहा टक्क्यांहून जास्त पेट्रोल वाढवून देतोय आणि २५०० फेऱ्यांवर ते नॉर्मल होतंय, तर हवेची गळती. रेस दिल्यावरही वाढलेलंच राहतंय, तर फिल्टर, पंप आणि पेट्रोलचा दाब.

हे सगळं होऊनही स्लो हलत असेल तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजा. एका सिलिंडरचा आकडा बाकीच्यांपेक्षा बराच कमी आला तर काम इंजिनच्या पोटातलं आहे आणि वरवरचे पार्ट बदलून ते सुटणार नाही.

छोट्या फेऱ्यांचा रोग

आपल्या भागात अनेकांची गाडी घर ते कारखाना, कॉलनी ते प्लँट, तीन-चार किलोमीटर चालते, पाळी संपेपर्यंत उभी राहते आणि तेवढीच परत येते. इंजिन कधी पुरतं तापत नाही. प्लगवर काजळी जमते, थ्रॉटलला कार्बन धरतो, ऑइलमध्ये पाणी राहतं, सेल्फला खर्च झालेली बॅटरी भरत नाही. मीटरवर किलोमीटर कमी दिसतात म्हणून सर्व्हिसिंग पुढे ढकललं जातं, आणि खरं तर अशाच गाडीला ते लवकर लागतं. ऑइल किलोमीटरवर नाही, महिन्यांवर बदला. रविवारी चिल्हार फाट्यापर्यंत जाऊन या. इंजिन अर्धा तास पूर्ण गरम राहणं हे त्याचं औषध आहे.

रस्त्यात बंद पडली तर

घाबरून ब्रेक पुन्हापुन्हा पंप करू नका. बूस्टरमध्ये एक-दोन दाबांची ताकद शिल्लक असते, ती एका सलग दाबात वापरा. किल्ली बाहेर काढू नका, स्टीअरिंग लॉक होईल. चारही इंडिकेटर लावा, न्यूट्रल करा, गाडी चालत्या गतीत असतानाच सेल्फ मारून बघा. नाही झाली तर डावीकडे घ्या. उतारावर उभी केल्यावर हँडब्रेक ओढा, गिअर टाका, चाकाला उताराच्या बाजूने दगड लावा. मुलांना रस्त्याच्या बाजूने उतरवू नका.

दोष सापडेपर्यंत खिंड आणि महामार्ग टाळा. रेस वाढवून दिलेली गाडी बरी झालेली नसते. रोग तसाच राहतो, वर पेट्रोल जास्त जातं आणि वळणावर पाय उचलला तरी गाडी पुढे ओढत राहते. म्हणून गॅरेजात गेलात की ‘रेस वाढवा’ म्हणू नका. वही उघडा आणि सांगा: ‘दादा, गरम झाल्यावर, एसी लावल्यावर, थांबता थांबता धडपडत बंद पडते. अर्थ बघितली, फिल्टर बघितला, प्लग तिन्ही सारखे काळे आहेत. आधी तपासा, मग काय बदलायचं ते ठरवू. आणि काढलेला पार्ट मला दाखवा.’ चांगला मेकॅनिक असं गिऱ्हाईक आलं की हातातला पाना खाली ठेवतो आणि नीट ऐकतो.